आप्पांची चाळ

श्रोतेहो, नमस्कार. आमच्या शेजारचे आप्पा नुकतेच गेले. लासलगावच्या पट्ट्यात उन्हाळ कांदा पिकवण्यात त्यांची हयात गेली. दशक्रियेला गोदाकाठी भाषणं झाली, त्यात कांद्याचं नावही निघालं नाही. कष्टकरी माणूस गेला की त्याचं काम कसं होतं ते सांगावं. 'मनमिळाऊ' तर कुणालाही म्हणता येतं. म्हणून आज त्यांच्या कामाविषयी.

लागवडीला साठ दिवस झाले की आप्पा युरियाचा दाणाही टाकत नसत. उशिरा नत्र दिलं की कांद्याची मान जाड राहते, आणि जाड मानेचा कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, टिकत नाही. काढणीआधी पंधरा दिवस पाणी बंद. निम्मी पात पडली की उपटणी. उपटलेला कांदा तीन-चार दिवस वावरातच सुकवायचा, पण एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा. उन्हाचा चटका पातीला बसावा, कांद्याला नाही. मग पात पिरगाळून कापायची, दीड इंच नाळ ठेवून. पुन्हा सांगतो, दीड इंच. त्याहून आखूड कापली तर बुरशी सरळ आत जाते. कापणी उक्ती दिली की मजूर घाई करणारच. हे काम रोजानेच द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आता आषाढातली ती गोष्ट ऐका. वस्तीवरच्या एका तरुणाने पहिल्यांदाच चाळ भरली होती, चांगली सहा फूट उंच. पावसाची झड लागली तशी त्याने दोन्ही अंगांनी ताडपत्री आवळून बांधली. चार-पाच दिवसांत वास सुटला. आप्पा न बोलावता आले. आधी झडीच्या उलट बाजूची ताडपत्री सोडली. मग ढिगावर चढले आणि दर चार फुटांवर कोपरापर्यंत हात आत घालत गेले. कडेचा कांदा गार होता. दाराजवळ मात्र हात बाहेर आला तो कोमट, बोटांना चिखल आणि सडका पापुद्रा चिकटलेला.

"पाट्या एकाच जागी ओतल्या का रे?"

पोराने मान हलवली. ट्रॉली दाराशी लावलेली, जो तो तिथेच पाटी उपडी करत गेला. कांदा गोल, तो घरंगळून कडेला जातो; माती आणि पापुद्रे मात्र पडल्या जागी साचतात. तिथे खालून येणारी हवा अडते, ढीग तापतो, कांद्याला पाणी सुटतं. एकाचं पाणी शेजारच्यावर.

आप्पांनी तेवढी जागा तळापर्यंत उपसायला लावली. सडका कांदा चाळीपासून लांब खड्ड्यात गेला. त्याला लागून असलेला, पण शाबूत, वेगळा काढून लगेच बाजारात. उरलेल्या ढिगाची उंची चार फुटांवर आणली. पडवीत कांदा पसरून वाळवण्यात दिवस मावळला. दिवसभरात आप्पा आणखी एकदाच बोलले, "पुढच्या साली सरकत सरकत भर."

तेव्हा श्रोतेहो, चाळीला दोन्हीकडून ताडपत्री बांधली असेल, तर पाऊस न लागणारी बाजू आजच सोडा. आणि हात घालून बघायला सुरुवात करा ती जिथे पाट्या रिकाम्या केल्या तिथून. नमस्कार.