एक पाठ, दोन परवाने

[दृश्य: दवाखान्यातलं लांबट टेबल. पेशंट पालथा झोपलाय.]

तोंडासाठी टेबलाला फट आहे, तिच्यावर कागदाची पट्टी अंथरलीय. कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातांनी मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्या बाई, बोटांनी कमरेचे मणके चाचपतात, तळहाताची टाच टेकवतात आणि एक झटका देतात. टेबलाचा तेवढाच भाग बोटभर खाली आदळतो. धाडकन! हा आवाज टेबलाचा. मान मोडताना येतो तो ‘कट्’ आवाज वेगळा. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एमआरआय चालू ठेवून बोटांचे सांधे ओढले, तेव्हा त्या आवाजाच्या क्षणी सांध्यात वायूची पोकळी तयार होताना दिसली. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे. पण न्हाव्याच्या खुर्चीपासून मोबाईलवरच्या रील्सपर्यंत आपल्याला तसंच सांगितलं जातं.

आता या बाईंची दुसरी ओळख. आठवड्यातले तीन दिवस, बारा-बारा तासांच्या ड्युटीवर, त्या हॉस्पिटलमध्ये नर्स असतात. नर्सिंग आणि कायरोप्रॅक्टिक, दोन्हींचे परवाने असलेले लोक अमेरिकेत आहेत. थोडे, पण आहेत.

एके काळी हे जुळणं अवघडच होतं.

[दृश्य: डॅव्हेनपोर्ट, आयोवा. जुनी छायाचित्रं.]

१८९५ च्या सप्टेंबरात डी. डी. पामर या चुंबकोपचार करणाऱ्या गृहस्थाने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचं गेलेलं ऐकू येणं परत आलं, असा दावा केला. ऐकण्याची नस पाठीतून जातच नाही, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. तरी पामरने सरकलेल्या मणक्यांवर जवळजवळ सगळ्या रोगांचं खापर फोडलं, कॉलेज काढलं आणि १९०६ मध्ये विनापरवाना उपचार केल्याबद्दल दंड भरण्याऐवजी तुरुंगात जाणं पसंत केलं. परवान्यांचं म्हणाल, तर नॉर्थ कॅरोलिनाने नर्सना नोंदणी दिली १९०३ मध्ये. कायरोप्रॅक्टरना कायद्याने मान्यता देणारं पहिलं राज्य कॅन्सस, १९१३. शेवटचं लुईझियाना, थेट १९७४.

अमेरिकन मेडिकल असोसिएशन तर त्यांच्या हात धुऊन मागे लागली होती. १९६३ मध्ये तिने भोंदूगिरीविरोधी समितीच नेमली. डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणं अनैतिक ठरलं. १९७६ मध्ये चेस्टर विल्क आणि त्यांचे चार सहकारी कोर्टात गेले. ११ वर्षांनी न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी निकाल दिला: हा बहिष्कार बेकायदा होता. कायरोप्रॅक्टिक शास्त्रीय आहे, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. पुढे कायरोप्रॅक्टर निकालाचा पहिला भाग सांगतात, दुसरा विसरतात.

[दृश्य: हॉस्पिटलचा वॉर्ड. चौघी मिळून एका पेशंटला कुशीवर वळवताहेत.]

मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला वळवायचं म्हणजे डोकं, खांदे, कंबर, सगळं एका रेषेत. डोक्याशी उभी असलेली नर्स आकडे मोजते, बाकीच्या चादर ओढतात. यात पेशंटची पाठ सांभाळली जाते. नर्सची कोण सांभाळणार? २००७ मध्ये अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेतल्या शास्त्रज्ञाने हाताने पेशंट उचलण्याची मर्यादा सुचवली: सुमारे १६ किलो. मोठ्या माणसाचा एक पाय उचलतानाच ती जवळ येते. कमरेच्या दुखण्याने नर्स कायरोप्रॅक्टरकडे जाते, आराम पडतो, आणि तिथून एखादीला हे शिकावंसं वाटतं.

उलट दिशेची वाट पैशाची आहे. कायरोप्रॅक्टरचा अभ्यासक्रम किमान ४,२०० तासांचा, फी घसघशीत, आणि पदवीनंतर दवाखाना स्वतःच उभा करायचा. २०२३ च्या सरकारी आकडेवारीत नर्सचं मधलं वार्षिक वेतन ८६,०७० डॉलर, कायरोप्रॅक्टरचं ७६,५३०. म्हणजे नावापुढे ‘डॉक्टर’ लागतं, पगार सिस्टरचा जास्त. शिवाय हॉस्पिटलच्या नोकरीत आरोग्यविमा मिळतो. हातात आधीची पदवी असेल तर नर्सिंग साधारण वर्ष-दीड वर्षात पूर्ण करता येतं.

दोन परवाने आले म्हणजे दोन्हीकडची मोकळीक मिळाली, असं नाही. उलट. वॉर्डात कुणाची मान कितीही आखडलेली असो, नर्सच्या ड्युटीवर झटका द्यायचा नाही. आणि दवाखान्यात कायरोप्रॅक्टर म्हणून बसल्यावर बहुतेक राज्यांत औषध लिहून देता येत नाही.

मग फायदा काय? माझ्या मते एकच, पण मोठा: कुणाला हात लावायचा नाही, हे वॉर्डात मुरलेल्या माणसाला लवकर कळतं. साध्या कंबरदुखीवर हा उपचार अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये औषधाआधीच्या पर्यायांत धरलाय. पुरावा भक्कम नाही, हेही नमूद करून. पण आधी कॅन्सर होऊन गेलाय, ताप आहे, वजन उतरतंय, रात्री दुखणं वाढतंय, तर तपासणी आधी. मानेत अचानक तीव्र कळ आली आणि चक्कर येतेय, तर मान मुळीच फिरवायची नाही. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटलेली असू शकते.

[दृश्य: दवाखान्याची खोली. टेबल रिकामं. बाई फोनवर.]

पेशंट म्हणाला होता, कंबर धरलीय, एक झटका द्या. बाईंनी विचारलं, लघवी कशी होतेय? सकाळपासून झालीच नाही. बसायच्या जागी बधिर वाटतंय का? हो. मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दबल्याची ही लक्षणं. इथे तास मोजावे लागतात. बाई इमर्जन्सी विभागाला फोन लावतात आणि नर्सेस ड्युटी सोपवताना बोलतात तसंच बोलतात: काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय.

“कॉडा इक्विनाचा संशय आहे. मी मणक्याला हात लावलेला नाही. पोहोचताच एमआरआय करा आणि न्यूरोसर्जनना आत्ताच कळवा.”

पेशंटची फी त्यांनी घेतली नाही. अँब्युलन्स आली, तोवर बाहेर दुसरा पेशंट येऊन बसला होता.