भाषा शिकण्याआधीचा तास

मित्रांनो, कोणती प्रोग्रामिंग भाषा चांगली, हे सांगायला मी आज जळगावला आलेलो नाही. भाषा शिकायला बसण्याआधीचा जो तास असतो, त्याबद्दल बोलायचंय. त्या एका तासात चांगली चांगली पोरं गळताना मी पाहिली आहेत.

मागच्या उन्हाळ्यात चोपड्याकडची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तिने पायथन उतरवलेलं, इन्स्टॉलही केलेलं. पण कमांड दिली की उत्तर एकच, अशी कमांड नाही. "सर, तीनदा काढून परत टाकलं. माझंच काहीतरी चुकतंय." चूक तिची नव्हती. त्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत, अगदी तळाशी, 'पाथ'मध्ये, म्हणजे संगणक कमांड जिथे शोधतो त्या जागांच्या यादीत, जोडण्याची चौकट असते आणि ती आधीपासून टिक केलेली नसते. ठिबकच्या नळ्या वावरभर अंथरल्या, पण मेन लाइनला जोडल्याच नाहीत, तसं झालं होतं. टिक केली आणि चाललं. पण तीन दिवस ती स्वतःला कमी समजत राहिली, याचा मला आजही राग येतो.

म्हणून रस्ट या भाषेचं मला कौतुक आहे. भाषा अवघड, पण तिचं रस्टअप हे साधन बघा. कोड यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर, प्रोजेक्ट बांधणारं कार्गो, कोड नीट मांडणारा फॉरमॅटर, सगळं एका कमांडमध्ये येतं, पाथही तेच लावतं. विंडोजवर मात्र सी प्लस प्लसची बिल्ड टूल्स लागतात, ती काही जीबींची असतात. तेवढा डेटा आधी जपून ठेवा. रस्टअपबरोबर भाषेची कागदपत्रंही येतात. 'रस्टअप डॉक' म्हटलं की ती नेटशिवाय उघडतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे रेंज येते-जाते, तिथल्या पोराला याची किंमत कळते.

अपडेटचंही तसंच. "चालतंय ना, मग हात लावू नको," असं आपण म्हणतो, कारण हात लावला की मोडतं हा अनुभव असतो. रस्टची नवी आवृत्ती दर 6 आठवड्यांनी येते, तरी 'रस्टअप अपडेट' करताना हात थरथरत नाही. 2015 साली 1.0 आली तेव्हाच त्यांनी जुना कोड चालता ठेवायचं वचन दिलं. पुढे 2018, 2021, 2024 अशा एडिशन, म्हणजे भाषेच्या नियमांचे नवे संच, काढले. जुन्या एडिशनचा कोड नवा कंपायलरही घेतो. गो या भाषेने 1.21 आवृत्तीपासून आणखी सोय केली. प्रोजेक्टला नवी आवृत्ती हवी असेल, तर गो ती स्वतःच उतरवून घेतो. पायथनमध्येही 2024मध्ये यूव्ही आलं, तेव्हापासून आवृत्त्या आणि पॅकेजं, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, एकाच साधनाने सांभाळता येतात.

आता लॅबमध्ये जाऊ. ज्यांचं इन्स्टॉल अडलंय त्यांनी पुढच्या रांगेत बसा. पडद्यावर आलेला एररचा निरोप पुसू नका, तो जसाच्या तसा मला दाखवा.