वॉर्डातली एक एकर जागा

[दृश्य: विकास आराखड्याचा नकाशा, मग तोच भूखंड प्रत्यक्षात]

नकाशावर हा तुकडा हिरव्या रंगात आहे. वर लिहिलंय, ‘उद्यान’. जागेवर जाऊन पाहिलं तर राडारोडा, रानटी झुडपं आणि रांगेने लावलेल्या गाड्या.

वॉर्डातल्या बागेचं काम इथून सुरू होतं, आणि पहिलं काम कागदावरचं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम १२७ सांगतं की आराखडा लागू झाल्यावर बागेसारख्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली, म्हणजे आरक्षित, जागा १० वर्षांत महापालिकेने ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षणच संपतं. वॉर्डातल्या बागा अशा मुकाट्याने जातात. म्हणून आधी सगळ्या आरक्षणांची यादी करायची, आणि प्रत्येकापुढे आराखड्याची तारीख आणि जागा आज कोणाच्या नावावर आहे ते लिहायचं. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तीही या यादीत हवी. कित्येक ठिकाणी ती कुलपातच असते.

[दृश्य: सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी सहा – एकाच रस्त्यावरची माणसं]

जागा हातात आली की लगेच आर्किटेक्टला बोलावण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि आधी माणसं मोजावीत. जागेपासून ४०० मीटरच्या आत, म्हणजे साधारण पाच मिनिटांच्या चालीवर, कोण राहतं? एक कामाचा दिवस आणि एक रविवार धरून सकाळी, दुपारी, संध्याकाळी नोंद करायची: लहान मुलं, किशोरवयीन मुली, मुलगे, बायका, म्हातारी माणसं. किशोरवयीन मुलींचा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. बागेच्या आराखड्याने सगळ्यात आधी उत्तर द्यायला हवं ते त्या रकान्याला.

मुली का येत नाहीत? रस्त्यावरून आतलं दिसत नाही अशी उंच भिंत, एकच दार, दाराशीच टोळक्याचा अड्डा, आणि स्वच्छतागृह नाही किंवा त्याला कुलूप. उपाय फार महागडे नाहीत. भिंतीऐवजी आरपार दिसणारं कुंपण, समोरासमोर दोन दारं, आणि वाटेवर सलग उजेड: एकच उंच, झगझगीत दिवा लावला की त्याच्यामागे गडद सावल्या पडतात. स्वच्छतागृह दाराजवळ, पाण्याच्या टाकीसह, आणि ते झाडणाऱ्या माणसाचा पगार पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात.

[दृश्य: मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषा]

आता मोजमाप. एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४,०४७ चौरस मीटर. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, खो-खोचं २७ बाय १६, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९. म्हणजे ३५ बाय २२ मीटरचा एकच सपाट चौक ठेवला तर कडेला मोकळी जागा सोडून हे तिन्ही खेळ आळीपाळीने होतात, आणि एकराच्या पाचव्या भागाहूनही कमी जागा लागते. दादरचं शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं. खेळायला मोकळी जमीन आणि भोवती बसायला कट्टा, एवढ्यावर ते आजही गजबजलेलं असतं.

जमीन काळ्या मातीची असेल तर घाई नको. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. वरचा थर काढून मुरुम टाकायचा, थराथराने पाणी मारून रोलर फिरवायचा, आणि मैदानाला दर १०० मीटरला एक मीटर उतार द्यायचा. उतार विसरला की जुलैत तिथे तळं साचतं.

घसरगुंडी आणि झोक्याखाली पेव्हर ब्लॉक कधीच नको. दोन मीटरपर्यंतच्या उंचीवरून पडणाऱ्या मुलासाठी मोकळ्या वाळूचा २० सेंटीमीटर थर लागतो, आणि पायांनी ती उडते म्हणून वर आणखी १० सेंटीमीटर. घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवावं. पश्चिमेला ठेवलेला पत्रा मे महिन्यात संध्याकाळी पाचलाही भाजतो.

[दृश्य: करडी पडलेली हिरवळ, शेजारी करंजाची गर्द सावली]

पाण्याचा हिशेब फार थोडे लोक करतात. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरला रोज अंदाजे पाच लिटर पाणी लागतं. हजार चौरस मीटर हिरवळ म्हणजे रोज ५,००० लिटर, एक लहान टँकर. सांडपाणी प्रक्रियेचं पाणी जवळ नसेल तर हिरवळ लहानच ठेवा आणि झाडं वाढवा. करंज, कडुलिंब, बकुळ, तामण. खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल. खोडाभोवती मीटरभर जागा उघडी माती. सावली हवी असते ती संध्याकाळी, म्हणून मोठी झाडं मैदानाच्या पश्चिमेला आणि नैऋत्येला लावायची. फांद्या सहज मोडणारा गुलमोहर झोक्यांवर नको.

वाट १.८ मीटर रुंद असली की दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतात. उताराचं प्रमाण एकास बारापेक्षा तीव्र नसावं.

आणि कारंजं? उद्घाटनाला शोभतं. पंप बंद पडला की त्यात साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते. तेच पैसे स्वच्छतागृहाला आणि माळ्याला द्यावेत, असं आमचं ठाम मत आहे. ओपन जिमची यंत्रंही बेअरिंगला वेळेवर ग्रीस मिळालं नाही तर कुरकुरतात, मग अडकतात. ग्रीस, वाळूची भर, दिव्यांची दुरुस्ती यांचा वर्षाचा आकडा निविदेतच लिहायला हवा.

पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना घेते. अशा वेळी ‘बाग सुधारा’ एवढं लिहिलेला अर्ज कुठल्या लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या खात्यात, बसवायचा ते कोणालाच ठरवता येत नाही. ‘पूर्वेकडच्या दाराजवळ दोन दिवे, झोक्याखाली वाळूचा ३० सेंटीमीटर थर’ असं लिहिलं की अभियंता त्याचं खर्चपत्रक त्याच दिवशी करू शकतो.

दुपारी बाग बंद ठेवण्याची पद्धत बऱ्याच शहरांत आहे. घरकाम करणाऱ्या बायका, सामान पोचवणारे तरुण आणि अभ्यासिकेत जागा न मिळालेली मुलं यांना मोकळा वेळ नेमका तेव्हाच असतो. सफाई हाच अडथळा असेल तर बाग दोन भागांत वाटून आलटून-पालटून झाडता येते.

[दृश्य: जूनचा पहिला मोठा पाऊस थांबलाय]

ठेकेदाराचं शेवटचं देयक पहिल्या मोठ्या पावसाआधी काढू नये. पाऊस थांबल्यावर तासाभराने बागेत फिरायचं, जिथे पाणी उभं असेल तिथे फक्कीने गोल काढायचा, फोटो काढून क्रमांक द्यायचे, आणि ती यादी ठेकेदाराच्या हातात द्यायची. दुरुस्ती त्याच्याच खर्चाने, दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करून द्यायचे असतात त्या काळात.