खुंट्यांचं गाव : लॅक्स्टन

(दृश्य : धुकं. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, ट्रॉलीत लाकडी खुंट्यांचा भारा.)

नोव्हेंबर सरत आलाय. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावातले शेतकरी ट्रॉलीत चढताहेत. सोबत खुंट्या आणि ठोकायला मोठे हातोडे. एरवी हे शेजारी-शेजारी कसणारे लोक, पण आज ते गावाचे पंच आहेत. गव्हाची पेरणी झालेल्या शिवारात जाऊन कुणी हद्द ओलांडली आहे का, ते बघायचंय.

नेवार्क शहराच्या वायव्येला साधारण १६ किलोमीटरवर हे गाव आहे. जमीन भारी, चिकणमातीची. पावसात बुटाला चिकटून येणारी. एकच मोठा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना लाल विटांची जुनी शेतघरं. कितीतरी घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे आहे, बाजूला खळं-गोठ्यांचं आवार आणि मागे लांबट परसू. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी शेतकरी आपल्या शेतातच घर बांधून राहतो. इथं घरं गावात आहेत आणि शेतं गावाबाहेर, कारण इथली जमीन कधी एका तुकड्यात आलीच नाही.

(दृश्य : उंचावरून शिवार. कुठेही कुंपण नाही, नुसते पट्टे.)

वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही इथली तीन मोठी शिवारं. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्हींत विखुरलेले, म्हणजे चांगली जमीन, पाणथळ जमीन, जवळची, लांबची, सगळी थोडी थोडी प्रत्येकाच्या वाट्याला. फेरपालट तीन वर्षांची. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. पूर्वी पडीवर जनावरं चरायची, आता तिथं बहुधा चाऱ्याचं पीक घेतात. कुणाला एकट्यालाच मनासारखं पीक घेता येत नाही. शिवाराचा क्रम सगळ्यांना पाळावा लागतो.

पट्ट्यांचा आकार नांगरानं ठरवला. आठ बैलांचा लाकडी नांगर दमायच्या आत जेवढं लांब तास (नांगरानं पडणारी सरी) काढेल, तेवढी पट्ट्याची लांबी. ती २२० यार्ड, म्हणजे २०१ मीटर धरली गेली. इंग्रजीत त्याला ‘तासाएवढं लांब’ अशा अर्थाचं नाव पडलं, तोच आपला फर्लांग. रुंदी २२ यार्ड धरली की बरोबर एक एकर, आपले चाळीस गुंठे. एवढी लांब बैलजोडी शेताच्या टोकाला एकदम वळत नाही, वळण आधीपासून घ्यावं लागतं. म्हणून जुने पट्टे सरळ रेषेत नसतात. त्यांना सापासारखा हलका बाक असतो.

हे सगळं इंग्लंडभर होतं. मग १६०४ ते १९१४ या काळात संसदेनं पाच हजारांहून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीची खासगी तुकड्यांत वाटणी केली आणि त्यांना कुंपणं घातली. लॅक्स्टनमध्येही काही भागाला कुंपण पडलं, पण काम पुरं झालं नाही. अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो या दोन जमीनदारांचं एकमत होईना. त्या बेबनावानं हा ठेवा वाचवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे एकत्र करून मोठे केले, पण शिवार मोकळंच राहिलं.

(दृश्य : १६३५चा नकाशा. पट्टा न् पट्टा रेखलेला.)

मार्क पिअर्सनं १६३५ साली केलेला हा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. नांगरणारी, कापणी करणारी माणसंसुद्धा त्यात काढली आहेत. तो हातात घेऊन आजही शिवारातून चालता येतं.

आता पंचांकडे परत जाऊ.

शिवारात ओघळीच्या कडेनं गवताचे पट्टे सोडलेले आहेत. त्यांना इथं ‘साइक’ म्हणतात. ओल आणि उतार यांमुळे नांगर न लागलेली ही जमीन, आणि म्हणूनच रानफुलांनी भरलेली. भांडण बहुतेक वेळा हिच्या कडेला किंवा पाणंदीच्या कडेला होतं. ट्रॅक्टरचं चाक जरासं बाहेर गेलं, की एक तास जास्त निघतं. एक तास म्हणजे वीतभराहून थोडं अधिक. दिसायला काहीच नाही, पण पुढच्या वर्षी नांगर त्याच नव्या कडेवरून चालतो आणि पाणंद अरुंद होत जाते. बांध कोरणं हे असंच हळूहळू होतं, कित्येकदा हेतू नसतानाही.

पंच आधी जुनी खुंटी शोधतात. ती सापडली नाही, किंवा कुजली असली, तर दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवरून नजरेनं ओळ धरतात. एकजण लांब उभा राहतो, दुसरा हातानं इशारा करतो, थोडं डावीकडे, अजून थोडं. ओळ जुळली की नवी खुंटी ठोकतात. चर साफ नसला, किंवा नांगर हद्दीपलीकडे गेला असला, तर दंडाची नोंद होते. दंड असतो किरकोळ, पण शेजाऱ्यांसमोर नाव वाचलं जातं, आणि खरा धाक त्याचाच आहे.

आठवड्याभरानं डव्हकोट इनमध्ये कोर्ट लीट भरतं. हे जहागिरीच्या काळातलं गावकोर्ट. पंचांचा म्होरक्या नोंदी मांडतो, दंड कायम होतात आणि पुढच्या वर्षीचे पंच शपथ घेतात. भटकी जनावरं कोंडवाड्यात घालणाऱ्याचं पदही अजून नेमतात. १९७७च्या कायद्यानं देशातल्या अशा बहुतेक कोर्टांचे अधिकार काढून घेतले. लॅक्स्टनचा शिवारावरचा अधिकार मात्र राहिला.

मालक बदलत गेले. १९५२ साली अर्ल मॅनव्हर्सकडून जमीन सरकारच्या शेती मंत्रालयाकडे आली, १९८१ साली क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेच्या जमिनी सांभाळणारी संस्था), आणि २०२० साली थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे पुन्हा मॅनव्हर्स घराण्याच्याच जुन्या इस्टेटीकडे. मालक बदलले, तरी खुंट्या ठोकायची प्रथा टिकून राहिली.

(दृश्य : ओल्या मातीत नवी, पांढरट खुंटी.)

या शिवारात पंच आता तीन वर्षांनी येतील, पुन्हा इथं गहू पेरला जाईल तेव्हा. तोवर ही खुंटी काळी पडलेली असेल.