ठराव संमत झाला, मग पुढे?

४ ऑगस्ट १९२३. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा, दवाखाने, न्यायालयं अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुली असावीत, अशी शिफारस त्यात होती. ठराव संमत झाला.

त्यात शिक्षा नव्हती, दंड नव्हता. विहिरीवर कुणी अडवलं तर काय करायचं, याचं कलम नव्हतं. कारण तो कायदा नव्हता.

सरकारनं आपल्या खात्यांना सूचना धाडल्या. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली स्वतःचा ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं. पण फक्त कागदावर. तळ्याकडे पाऊल टाकायची कुणाची छाती होत नव्हती, इतका सवर्णांचा धाक होता. बोले गप्प बसले नाहीत. १९२६ मध्ये त्यांनी पुन्हा कौन्सिलात विषय आणला: ज्या स्थानिक संस्था हा ठराव पाळत नाहीत, त्यांचं अनुदान थांबवा.

आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या माणसांवर हल्ले झाले. पुढं नगरपालिकेनं आपला ठराव फिरवला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. पण तळ्याकडे निघालेली ती माणसं कुणाकडे मेहेरबानी मागत नव्हती. कायदेमंडळानं आणि नगरपालिकेनं जे मान्य केलं होतं, ते ती बजावत होती.

विधिमंडळाच्या ठरावाचं मोल मला महाडमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं. ठराव स्वतः काही करत नाही. तो सभागृहाचा शब्द नोंदवून ठेवतो, आणि मग तो शब्द कुणीतरी पाळून घ्यावा लागतो.

आजच्या विधिमंडळातही असे ठराव येतात. काही सरकार मांडतं. काही मंत्री नसलेले सदस्य मांडतात. ते अशासकीय ठराव. दिवंगत सदस्यांसाठी शोकप्रस्ताव असतो, अभिनंदनाचा प्रस्ताव असतो. मंत्रालयातून निघणारा जीआर मात्र यात धरू नका. तो शासनाचा आदेश, सभागृहाचा नव्हे.

पण काही ठिकाणी राज्यघटनेनं ठरावाच्या हाती खरी ताकद दिली आहे. विधानसभेच्या अध्यक्षांना पदावरून दूर करायचं, तर चौदा दिवसांची नोटीस देऊन ठरावच आणावा लागतो. विधान परिषद हवी की नको, याची सुरुवातही विधानसभेच्या ठरावानं होते. आंध्र प्रदेशात परिषद १९८५ साली गेली आणि २००७ साली परत आली. २०२० च्या जानेवारीत ती पुन्हा बरखास्त करण्याचा ठराव झाला, आणि २०२१ मध्ये तोच ठराव मागे घेतला गेला. शेवटचा निर्णय संसदेचा असतो, आणि संसदेनं तोवर काहीच केलं नव्हतं.

वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्तीही राज्यांच्या ठरावांवर अवलंबून होती. किमान निम्म्या विधिमंडळांची मान्यता लागणार होती. आसामनं सर्वांत आधी ती दिली. महाराष्ट्रानं २९ ऑगस्ट २०१६ रोजी खास अधिवेशन बोलावून दिली.

याहून बोलका दाखला नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आहे. जमीन हा राज्यांचा विषय. पण घटनेच्या अनुच्छेद २५२ नुसार दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव करून विनंती केली, तर राज्यांच्या विषयावरही संसद कायदा करू शकते. तशी विनंती करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता, आणि १९७६ साली कायदा आला. मुंबईत एकाला बाळगता येणाऱ्या रिकाम्या जमिनीची मर्यादा ठरली ५०० चौरस मीटर. मात्र एकदा असा ठराव केला, की त्या कायद्यात बदल करणं किंवा तो रद्द करणं राज्याच्या हाती उरत नाही. १९९९ मध्ये संसदेनं तो रद्द केला, तरी महाराष्ट्रात तो चालूच राहिला. २९ नोव्हेंबर २००७ रोजी विधिमंडळानं दुसरा ठराव करून ते निरसन स्वीकारलं, तेव्हा कुठं तो इथून गेला. मुंबईतल्या जमिनींच्या इतिहासातले हे दोन कळीचे टप्पे, आणि दोन्ही ठरावांनीच गाठले गेले.

आता सीमाभागाकडे वळू. २२ डिसेंबर २०२२ रोजी कर्नाटकच्या विधिमंडळानं एकमतानं ठराव केला: एक इंचही जमीन देणार नाही. पाचच दिवसांनी, २७ डिसेंबरला, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्रानं एकमतानं ठराव केला: बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ मराठी भाषक गावं महाराष्ट्रात आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात ताकदीनं लढू. दोन्ही ठरावांनी सीमारेषा तसूभरही हलली नाही. महाराष्ट्रानं २००४ मध्ये केलेला दावा न्यायालयापुढेच आहे. तरीही तिथल्या मराठी माणसासाठी हा ठराव पोकळ नाही. त्याच्या प्रश्नावर सत्ताधारी आणि विरोधक एकत्र उभे राहिले, हे त्यात लेखी आहे. त्यात दिलेल्या आश्वासनांचा जाब त्याला पुढच्या प्रत्येक सरकारला विचारता येतो.

असा जाब विचारणं किती महाग पडू शकतं, हे मराठवाड्यानं पाहिलं आहे. २७ जुलै १९७८ रोजी राज्याच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव संमत केला. लगोलग मराठवाड्यात हिंसाचार उसळला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, कुटुंबं गाव सोडून गेली. सरकारनं अंमलबजावणी थांबवली. विद्यापीठाचं नाव कायद्यात होतं, आणि नुसत्या ठरावानं ते बदलणार नव्हतं. शासनानं पुढचं पाऊल टाकायला हवं होतं, आणि तेच पडत नव्हतं.

१९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. त्यानंतर मोर्चे झाले, सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. मुख्यमंत्री बदलत गेले. आंदोलकांची मागणी मात्र पहिल्या दिवसापासून तीच होती: सभागृहानं जे संमत केलं आहे, ते अमलात आणा.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. १९७८ चा ठराव दोन्ही सभागृहांत एका दिवसात संमत झाला होता. तो नामविस्ताराच्या रूपानं, म्हणजे ‘मराठवाडा’ कायम ठेवून आंबेडकरांचं नाव जोडून, अमलात यायला साडेपंधरा वर्षं लागली, आणि त्या वर्षांची किंमत मराठवाड्यातल्या दलित कुटुंबांनी मोजली.