‘वाराला एक’ म्हणजे नेमकी कधी? आमवाताची गोळी आणि आपल्या सिस्टर

नमस्कार मंडळी. आज एका शब्दापासून सुरुवात करते. वार.

आपण मराठीत वार म्हटलं की सोमवार, मंगळवार, म्हणजे एकेक दिवस. कन्नडमध्ये वार म्हणजे अख्खा आठवडा. आता धरा, बेळगावच्या एखाद्या दवाखान्यात कन्नड सिस्टरनी खानापूरकडच्या आज्जींना सांगितलं, ‘वारक्कोंदु गुळिगी.’ आठवड्याला एक गोळी. आज्जींना कन्नड येतं, पण बाजारापुरतं. त्या घरी येऊन सुनेला सांगतात, ‘वाराला एक.’ सून रोज एक गोळी आठवणीने हातावर ठेवते. कुणी चुकीचं सांगितलं नाही, कुणी हयगय केली नाही. तरीही थोड्याच दिवसांत आज्जींचं तोंड येतं, घास गिळवत नाही, ताप भरतो. इथपर्यंत आलं की प्रकरण जिवावर बेतू शकतं.

(गोळीची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरून) ती गोळी ही. मेथोट्रेक्सेट. आमवातावरचं मुख्य औषध. आमवात म्हणजे वयाने गुडघे झिजतात ते नव्हे. यात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईची किंवा वडगावात मागावर बसणाऱ्याची बोटंच अशी आखडली, तर घरची चूल कशावर पेटायची?

मी स्वतः नर्स आहे, आणि या गोळीबद्दल मला मनापासून आदर आहे. वेळेत सुरू केली तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात. आंध्रात भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून १९४०च्या दशकात या औषधाचं घराणं पुढे आलं, कर्करोगासाठी. म्हणून मोबाइलवर नाव शोधलं की ‘कॅन्सरची गोळी’ असं दिसतं आणि लोक घाबरून ती बंद करतात. घाबरू नका. आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम देतात. कर्करोगात डोस याहून कितीतरी मोठा असू शकतो.

मग रोज घेतली तर काय बिघडतं? ही गोळी शरीरातल्या फोलिक आम्लाच्या कामात आडवी येते. तोंडाची आतली त्वचा, आतडी, हाडांतला मगज, जिथे पेशी भराभर नव्या होतात तिथे त्याची झळ आधी पोचते. मधले सहा दिवस त्या पेशी सावरतात. रोज घेतली की सावरायला वेळच उरत नाही, रक्तातल्या पेशी घटत जातात.

म्हणूनच डॉक्टर फोलिक ॲसिडची गोळी वेगळी देतात, मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून. इथे दुसरा घोटाळा. दोन्ही गोळ्या बहुतेक वेळा पिवळ्या आणि बारक्या असतात. मेथोट्रेक्सेटच्या काही पट्ट्यांवरचं नावही ‘फोल’नेच सुरू होतं, तेही इंग्रजीत छापलेलं. ज्यांना मराठी वाचता येतं, कन्नड थोडंफार कळतं, त्यांच्या हातात इंग्रजी पट्टी. त्यांनी काय करावं?

इथे सिस्टरचं काम सुरू होतं. डॉक्टरांसमोर रांग असते, त्यांच्याकडे पाच मिनिटं. सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसते. पहिला प्रश्न गोळीचा नसतोच. ‘मावशी, उपवास कुठल्या वारी?’ सोमवार, गुरुवार, शनिवार सांगितला की ते वार बाद, कारण उपवासाच्या दिवशी गोळी चुकते नाहीतर उपाशीपोटी जाते. मग ‘बुधवार’ असं मोठ्या मराठी अक्षरांत पट्टीवर लिहायचं. फोलिकच्या पट्टीला दुसऱ्या रंगाचा दोरा.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं: ‘मावशी, आता मी पेशंट. तुम्ही सिस्टर. मला समजावून सांगा.’ ‘कळलं का?’ असं विचारलं तर आपली माणसं ‘होय की’ म्हणतात. सिस्टरला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात. पण उलटं सांगायला लावलं की ‘वाराला एक’ तिथल्या तिथे बाहेर पडतं आणि सुधारता येतं. माझ्या मते या दहा मिनिटांना औषधाइतकीच किंमत आहे. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या युलार या संघटनेने २०१२ साली नर्सच्या कामाबद्दल शिफारशी केल्या. रुग्णाला नर्सकडून आजाराबद्दल शिक्षण मिळालं पाहिजे, हे त्यात स्पष्ट म्हटलंय.

आता आपल्या सीमाभागाची खास अडचण. लेक कोल्हापुरात दिलेली, म्हणून एक फाइल तिकडची, दुसरी बेळगावची. दोन्हीकडे औषध तेच, कंपनीचं नाव वेगळं, आणि माणूस दोन्ही घेतो. पट्टीवरचा आकडाही बघा. अडीच मिलिग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे दहा. दुकानातून दहाची पट्टी मिळाली आणि सवयीने चार घेतल्या, तर चाळीस होतात! म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. दुखण्यावरची डायक्लोफिनॅक, कुणी दिलेली पुडीसुद्धा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. म्हणून तर दोन दिवसांत पळायला होतं. मात्र ती पुडी एकदम बंदही करू नका, आधी दाखवा. सिस्टर रागावणार नाही. रागावली तर पुढच्या वेळी पुडी घरीच राहील, हे तिलाही ठाऊक असतं.

गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, पंधरा दिवसांत सोडू नका. रक्ततपासणी सुरुवातीला लवकर-लवकर, मग दोन-तीन महिन्यांनी. दारू नको. मूल हवं असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. लघवीच्या जळजळीसाठी दुसरे डॉक्टर अँटिबायोटिक देत असतील तर ‘मी मेथोट्रेक्सेट घेतोय’ किंवा ‘घेतेय’ हे बोला, कारण को-ट्रायमॉक्साझोल नावाचं अँटिबायोटिक याच्याबरोबर घातक ठरतं.

बुधवार चुकला तर? गुरुवारी किंवा शुक्रवारी घेतली तरी चालते. शनिवार उजाडला असेल तर सोडून द्या, पुढच्या बुधवारी नेहमीएवढीच. दुप्पट कधीच नाही. आणि तोंड आलं, ताप, घसा, कोरडा खोकला, दम, अंगावर काळेनिळे डाग, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी हातात घ्यायची नाही. पट्टी बरोबर घ्यायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

व्हिडिओ इथे थांबवा. घरात ज्यांना आमवात आहे त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि म्हणा, ‘आज्जी, आता तू सिस्टर. मला सांग, ही गोळी कधी घ्यायची?’