छापखान्याच्या दारातला पाऊस

नमस्कार श्रोतेहो. आज आपण 1848 सालच्या मार्च महिन्यात जाऊ.

त्याआधीची वर्षं युरोपात भुकेची होती. 1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला, पुढच्या साली धान्यही बुडालं आणि पाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला. 1848 च्या जानेवारीत इटलीतल्या सिसिली बेटावरच्या पालेर्मोत पहिला भडका उडाला. फेब्रुवारीत पॅरिसच्या लोकांनी रस्त्यांत अडथळे रचले. राजा लुई फिलिप गादी सोडून, नाव बदलून इंग्लंडला पळाला. 13 मार्चला व्हिएन्नात मेटर्निख पायउतार झाला. जवळजवळ 40 वर्षं ऑस्ट्रियाचं परराष्ट्र धोरण या एका माणसाच्या मुठीत होतं!

मला मात्र सांगायचाय तो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेल्या हंगेरीतल्या पेश्त शहरातला 15 मार्चचा दिवस. सकाळपासून पाऊस लागलेला. पिल्वाक्स नावाच्या कॉफीगृहातून काही तरुण निघाले, वाटेत विद्यार्थी येऊन मिळाले. त्यांच्याजवळ दोन कागद होते: 12 मागण्या, आणि शांदोर पेतोफी या 25 वर्षांच्या कवीचं ताजं गीत. पहिली मागणी छपाईच्या स्वातंत्र्याची. हा जमाव शस्त्रागाराकडे गेला नाही, थेट छापखान्यात गेला. एकाने यंत्रावर हात ठेवला आणि जनतेच्या नावाने ते ताब्यात घेतलं. सरकारी तपासनीसाची परवानगी न घेता कागद छापले गेले आणि बाहेर भिजत उभ्या असलेल्या लोकांच्या हाती ओली शाई पडली. त्या दिवशी पेश्तमध्ये रक्त सांडलं नाही. संध्याकाळी लोकांनी नदीपलीकडच्या बुडा शहरातल्या तुरुंगातून मिहाय तांचिच या लेखकाला सोडवून आणलं. त्याचा गुन्हा काय, तर लिहिणं.

पुढे बर्लिन, मिलान पेटलं. जूनमध्ये पॅरिसच्या कामगारांवर त्यांच्याच नव्या प्रजासत्ताकाने तोफा डागल्या. हंगेरीचं बंड 1849 मध्ये ऑस्ट्रियाने रशियाच्या फौजा बोलावून चिरडलं. 31 जुलैच्या लढाईनंतर पेतोफी कुणाला दिसला नाही.

आता आपल्याकडे या. त्याच 1848 च्या एप्रिलमध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने ते राज्य खालसा केलं. आणि त्याच मार्चमध्ये, मुंबईत भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं येऊ लागली. जातीचा गर्व, विधवांचे हाल, विद्येची हेळसांड, कशालाही पाठीशी न घालता आपल्याच लोकांना खडे बोल सुनावणारी ती पत्रं पुढे शंभरावर गेली. लिहिणारे होते गोपाळ हरी देशमुख, कंपनी सरकारच्या नोकरीतले. त्यांना पेतोफीचं नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण जन्म दोघांचाही 1823 चा. पेश्तमध्ये ती ओली शाई वाळत होती, तेव्हा हेही 25 वर्षांचेच होते.